बुरशीजन्य प्रोटिएज : शुद्धता कशी मोजावी आणि कोणत्या बाटलीत भरावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एक फार्मसीचालक स्नेही आमच्याकडे आले. बरोबर पिवळसर पांढऱ्या चूर्णाची पाव किलोची पिशवी होती. पिशवीवर 'फंगल ॲसिड प्रोटिएज, शुद्ध' एवढाच मजकूर होता. त्यांच्या पाचक अरिष्टाची विक्री दोन वर्षे घटत चालली होती. हे चूर्ण प्रत्येक बाटलीत थोडे घातले की गुण तासाभरात दिसेल, असे विक्रेत्याने त्यांना पटवले होते. "वैद्यराज, बुरशी म्हणजे आपले किण्वच की. मग अरिष्टात घालायला हरकत ती कोणती?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या फार्मसीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून उत्पादनाच्या नोंदीवर आमची सही असते.

संकोचाने नमूद करावे लागते की आम्ही प्रथम जवळजवळ होकारच दिला होता. चूर्ण स्वच्छ दिसत होते, 'शुद्ध' हा शब्द छापलेला होता आणि स्नेह्यांची अडचण खरी होती. सही करण्यापूर्वी 'शुद्ध म्हणजे नेमके काय?' एवढे एकदा समजून घ्यावे म्हणून आम्ही तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. पुढील तीन आठवड्यांत जे वाचले, पाहिले व करून बघितले, ते वैद्यबंधूंच्या व फार्मसीचालकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

विकर आणि बुरशी : थोडा पूर्वेतिहास

अन्नातील घटकांचे विघटन घडवून आणणारी, स्वतः खर्च न होणारी प्रथिने म्हणजे विकरे. त्यांतील प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात. जठरातील पेप्सिन थिओडोर श्वान यांनी १८३६ साली शोधले. विकर हे प्रथिनच असते हे सिद्ध व्हायला मात्र पुढील शतक उजाडले. जेम्स समनर यांनी १९२६ साली आपल्या अबईच्या कुळातील जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांपासून युरिएज स्फटिकरूपात मिळवले आणि जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० साली पेप्सिनचे स्फटिक केले. या कार्यासाठी दोघांना १९४६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

बुरशीपासून पाचक विकर काढून ते औषध म्हणून बाजारात आणण्याचे श्रेय जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांच्याकडे जाते. जपानात सोया सॉस व साके यांसाठी 'कोजी' करण्याची परंपरा जुनी आहे. वाफवलेल्या धान्यावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवली की कोजी तयार होते. ताकामिने यांनी तांदळाऐवजी गव्हाचा कोंडा घेतला, त्यावर वाढलेल्या बुरशीचा पाण्यात अर्क काढला आणि त्यात मद्यार्क घालून विकर खाली बसवले. १८९४ साली त्यांना अमेरिकेत याचे पेटंट मिळाले व पुढे 'टाकाडायास्टेज' या नावाने ते अपचनावर विकले गेले.

येथे एका नेहमीच्या गोंधळाकडे लक्ष वेधतो. बाजारातील अनेक आधुनिक पाचक द्रवांच्या वेष्टनावर 'फंगल डायास्टेज' असे लिहिलेले असते. डायास्टेज पिष्टमय पदार्थ पचवते, त्याला प्रथिने पचवण्याचे काम येत नाही. त्याच बुरशीच्या कच्च्या अर्कात थोडेफार प्रोटिएज मिसळलेले असू शकते, तथापि दोन्ही वस्तू भिन्न आहेत. सूज उतरवण्यासाठी लिहून दिले जाणारे सेराशिओपेप्टिडेज हेही बुरशीजन्य नाही. ते रेशमाच्या किड्याच्या आतड्यातील जीवाणूपासून जपानात मिळवले गेले. त्याच जपानात, फेरचाचणीत अपेक्षित गुण सिद्ध न झाल्याने, मूळ उत्पादक कंपनीने २०११ साली ते बाजारातून मागे घेतले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

प्रथिने फोडणारी द्रव्ये आपल्या व्यवहारातही नवी नाहीत. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात, तो पपेनमुळे. पनीरडोडी, म्हणजे अश्वगंधेच्या कुळातील विथानिया कोॲग्युलन्स, हिच्या फळांनी दूध फाटते तेही प्रोटिएजमुळेच. चीज करण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेटऐवजी म्युकर वर्गातील बुरशीचे प्रोटिएज वापरण्याची प्रथा १९६० च्या दशकात जपानी संशोधनातून सुरू झाली व जगभर रूढ झाली.

आपल्या पुण्याचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकापासून कोनिडिओबोलस या बुरशीच्या अल्कधर्मी प्रोटिएजवर काम झाले. टाकाऊ क्ष-किरण फिल्मवरील जिलेटिनचा थर विरघळवून चांदी परत मिळवण्यासाठीही त्याचा अभ्यास तेथे झाला. सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवर माला राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली लिहिलेला विस्तृत आढावा याच प्रयोगशाळेतला आहे. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आहे.

शुद्धीकरणाची रीत

आपल्या शास्त्रातील शोधन आणि विकराचे शुद्धीकरण यांत एक मूलभूत भेद आहे. बचनाग गोमूत्रात किंवा कुचला दुधातुपात शोधताना आपण द्रव्यातील दोष घालवतो व त्याला औषधयोग्य करतो. द्रव्य मात्र तेच राहते. विकराच्या बाबतीत शेकडो प्रथिनांच्या गर्दीतून एकच प्रथिन वेगळे काढायचे असते आणि तेही जिवंत, म्हणजे कार्यक्षम राखून. त्याचे टप्पे संक्षेपाने असे :

१) वाढ : ओलसर केलेला गव्हाचा कोंडा वाफेने निर्जंतुक करून त्यावर बुरशीचे बीजाणू टाकतात व साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात तीन ते पाच दिवस ठेवतात. बुरशी आपले अन्न शरीराबाहेर पचवते, त्यामुळे विकर कोंड्यातच स्रवलेले असते आणि पेशी फोडाव्या लागत नाहीत.

२) अर्क : वाढलेला कोंडा थंड पाण्यात किंवा योग्य सामूच्या द्रावणात कालवून फडक्याने गाळतात, नंतर अपकेंद्री यंत्रात फिरवून स्वच्छ अर्क घेतात. येथून पुढे सर्व काम ४ अंशांच्या आसपास चालते. कारण प्रोटिएज हे प्रथिन फोडणारे असून स्वतःही प्रथिनच आहे. उष्ण जागी ठेवल्यास ते शेजारच्या प्रथिनांबरोबर स्वतःलाही खाऊ लागते.

३) क्षाराने अवक्षेपण : अर्कात अमोनियम सल्फेट थोडे थोडे घालून ढवळत गेले की प्रथिने टप्प्याटप्प्याने खाली बसतात. फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ साली या गुणधर्माचा पद्धतशीर अभ्यास केला. २५ अंशांना एक लिटर पाणी पूर्ण संपृक्त करण्यास या क्षाराचे सुमारे ७६७ ग्रॅम लागतात. आपले विकर किती संपृक्ततेला बसते हे आधी पाहून तेवढाच गाळ घेतात व डायलिसिसच्या पिशवीत ठेवून क्षार काढून टाकतात.

४) क्रोमॅटोग्राफी : आयन-विनिमयाच्या स्तंभात प्रथिने विद्युतभारानुसार वेगळी होतात. प्रथिनांसाठी सेल्युलोजचे असे स्तंभ १९५६ पासून प्रचारात आले. १९५९ पासून उपलब्ध झालेल्या जेल-गालनात ती आकारमानानुसार सुटतात. मोठा रेणू आधी बाहेर येतो, लहान मागून येतो.

५) परीक्षा : शेवटी जेल इलेक्ट्रोफोरेसिसवर एकच पट्टा दिसतो का हे पाहतात.

शुद्धता म्हणजे हिशेब

प्राध्यापकांनी आम्हाला जो धडा दिला तो या टप्प्यांहून महत्त्वाचा होता. ते म्हणाले, "डॉक्टर, स्तंभ कोणीही चालवील. प्रत्येक टप्प्याला हिशेब मांडतो तोच शुद्धीकरण करतो." हिशेब दोन मापांचा असतो. एक, नमुन्यात एकंदर प्रथिन किती. दुसरे, त्याची क्रिया किती. क्रिया मोजण्यासाठी दुधातील केसीन विकराबरोबर ठराविक वेळ व तापमानात ठेवतात, न पचलेले केसीन ट्रायक्लोरॲसेटिक आम्लाने खाली बसवतात आणि वर उरलेल्या द्रवात टायरोसीन हे अमिनो आम्ल किती सुटले ते मोजतात. क्रियेला प्रथिनाच्या वजनाने भागले की 'विशिष्ट क्रिया' मिळते. विकराची शुद्धता सांगणारा अंक हाच.

समजण्यासाठी घेतलेले पुढील काल्पनिक आकडे पाहावेत :

कच्चा अर्क : प्रथिन ५,००० मिलिग्रॅम, क्रिया ५०,००० एकके, विशिष्ट क्रिया १०.
क्षार-अवक्षेपणानंतर : प्रथिन १,२५० मिलिग्रॅम, क्रिया ४०,००० एकके, विशिष्ट क्रिया ३२.
आयन-विनिमयानंतर : प्रथिन १५० मिलिग्रॅम, क्रिया २७,००० एकके, विशिष्ट क्रिया १८०.
जेल-गालनानंतर : प्रथिन ४० मिलिग्रॅम, क्रिया १८,००० एकके, विशिष्ट क्रिया ४५०.

या उदाहरणात शुद्धता ४५ पट वाढली, परंतु मूळ क्रियेपैकी ३६ टक्केच हाती राहिली. प्रत्येक टप्प्याला काही ना काही गमवावे लागते. म्हणूनच पूर्ण शुद्ध विकर महाग असते व ते बहुधा प्रयोगशाळेतच वापरले जाते. पाचक औषधासाठी किंवा खाद्योद्योगासाठी विकले जाणारे चूर्ण सामान्यतः गाळलेला, आटवलेला व वाळवलेला अर्क असतो. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोजसारखे वाहक द्रव्य मिसळून ठरावीक क्रियेवर आणलेले असते. यात गैर काही नाही, प्रामाणिक उत्पादक ते लिहूनही देतो. मात्र अशा चूर्णावर नुसते 'शुद्ध' असे छापण्यास काहीच अर्थ उरत नाही.

त्याचप्रमाणे विकर ग्रॅमवर विकत घेणे व्यर्थ आहे. ते क्रियेच्या एककांवर घ्यावयाचे असते. एककेही अनेक आहेत. 'एचयूटी' हिमोग्लोबिनवर मोजतात, 'एसएपीयू' केसीनवर. सामू व तापमानही निराळे असते. एका पद्धतीचा मोठा अंक दुसरीच्या लहान अंकापेक्षा सरस ठरत नाही. पद्धत सांगितलेली नसेल तर तो अंक निरुपयोगी समजावा.

आमच्या पिशवीची परीक्षा

प्रथम एक साधी परीक्षा दवाखान्यातच केली. जुन्या, ओल्या पद्धतीने धुतलेल्या क्ष-किरण फिल्मवर जिलेटिनचा थर असतो व जिलेटिन हे प्रथिन आहे. चूर्णाचे कोमट पाण्यातील द्रावण किंचित आम्ल करून त्यात फिल्मचा तुकडा ठेवला. दुसऱ्या पेल्यात तेच द्रावण, पण आधी चांगले उकळून निववलेले, घेतले. पहिल्या पेल्यातील काळा थर सुटून स्वच्छ पारदर्शक पट्टी उरली. उकळलेल्या द्रावणातील फिल्म तशीच राहिली. उष्णतेने विकर मरते, म्हणून या दुसऱ्या पेल्याशिवाय परीक्षा ग्राह्य धरू नये. चूर्णात प्रोटिएज होते, एवढे निश्चित झाले. विक्रेता त्याबाबतीत खोटे बोलत नव्हता.

नंतर महाविद्यालयात तीन बाटल्या भरल्या. एकीत चूर्ण नुसत्या पाण्यात, दुसरीत अरिष्टाइतकाच मद्यार्क व तितकाच सामू असलेल्या पाण्यात आणि तिसरीत प्रत्यक्ष स्नेह्यांच्या अरिष्टात. तिसरी बाटली तासाभरात गढूळ झाली. आठव्या दिवशी तिच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता. तिन्हींतील नमुने भरपूर पातळ करून केसीनवर क्रिया मोजली. पहिल्या दोन बाटल्यांत ती बऱ्याच अंशी टिकून होती. अरिष्टात मात्र, वरच्या द्रवात काय किंवा गाळात काय, नाव घेण्याजोगी उरली नव्हती.

कारण आपल्या परिचयाचेच आहे. हिरडा, बेहडा, धायटीची फुले ही कषाय रसाची द्रव्ये टॅनिनने संपन्न असतात. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरून खाली बसवते. चामडे कमावताना हेच घडते. विकर हेही प्रथिनच असल्याने ते अरिष्टात पडताच बांधले जाते. म्हणजे ग्राहकाला विकराचा गुण मिळाला नसताच, उलट अरिष्टातील कषाय द्रव्याचा काही अंश गाळाबरोबर वाया गेला असता. हे एका अरिष्टाचे व एका चूर्णाचे निरीक्षण आहे, याची आम्हास जाणीव आहे. परंतु ज्यांच्या मनात असा प्रयोग असेल त्यांनी थांबून विचार करावा, एवढ्यास ते पुरेसे आहे.

कायदा काय म्हणतो

समजा, विकर टिकले असते, तरीही सही करता आली नसती. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध हे पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसारच बनवावे लागते. स्वामित्व औषधातही त्या ग्रंथांतील पाठांत उल्लेखिलेलीच घटकद्रव्ये चालतात. ॲस्परजिलसचे वेगळे काढलेले प्रोटिएज त्यांत नाही. 'बुरशी म्हणजे आपले किण्व' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. संधानात किण्व हे भांड्यात घडणाऱ्या क्रियेचे साधन असते, तर हे बाहेरून आणून घातलेले स्वतंत्र द्रव्य आहे. वेष्टनावर न लिहिता ते घातल्यास ती रुग्णाची फसवणूक होते. ज्यांना बुरशीजन्य विकराचे उत्पादन करावयाचे आहे त्यांनी त्यासाठीचा स्वतंत्र परवाना घेऊन, नाव लिहून, उघडपणे करावे. त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

दोन धोके

पहिला धोका बुरशीच्या जातीचा. ॲस्परजिलस ओरायझीची निकटची भगिनी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही अफ्लाटॉक्सिन हे यकृतघातक विष निर्माण करते. १९७४ साली गुजरात व राजस्थानच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरून शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने. दोन्ही बुरश्या नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असते. म्हणून बुरशीच्या वाणाचे नाव व अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल नसलेले चूर्ण दारातून आत घेऊ नये.

दुसरा धोका कामगारांचा. विकराची धूळ श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी व दमा होऊ शकतो. धुलाईच्या चूर्णात जीवाणूजन्य प्रोटिएज घालणाऱ्या कारखान्यातील कामगारांना झालेला दमा ब्रिटनमध्ये १९६९ साली नोंदवला गेला आणि त्यानंतर उद्योगाने विकर दाण्यांच्या रूपात आणले. बुरशीच्या डायास्टेजमुळे बेकरी कामगारांना होणारा दमाही सुपरिचित आहे. आमच्या स्नेह्यांच्या चूर्ण विभागात त्या पिशवीचा नमुना चाळणाऱ्या मुलाला दिवसभर शिंका व छातीत घरघर झाली होती. नंतर चौकशी करताना हे कळले. तो त्याच पिशवीचा परिणाम होता असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही, परंतु त्याच्या नाकावर साधे फडकेही नव्हते. आम्ही त्या फार्मसीत दरमहा जातो आणि हे आमच्याही नजरेस आधी आले नव्हते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

परवानाधारक विकर-उत्पादन करणाऱ्या बंधूंनी पुरवठादारास निदान एवढे विचारावे :

१) बुरशीची जाती व वाण कोणता?
२) प्रति ग्रॅम क्रिया किती, व ती कोणत्या पद्धतीने, कोणत्या सामूला व तापमानाला मोजली?
३) वाहक द्रव्य कोणते व किती?
४) अफ्लाटॉक्सिन, जड धातू व सूक्ष्मजीवसंख्या यांचे अहवाल त्याच बॅचचे आहेत काय?
५) मुदतीअखेर किती क्रिया टिकते, व साठवण कोणत्या तापमानात करावी?

समारोप

अग्नी म्हणजे विकर असे समीकरण काही लेखांतून मांडले जाते. आम्हास ते मान्य नाही. जठराग्नी, पाच भूताग्नी व सात धात्वग्नी यांचा विचार एका प्रथिनात मावणारा नाही. विकर बाहेरून दिले तर तेवढ्यापुरते अन्न फुटेल. दीपन-पाचनाने रुग्णाचा स्वतःचा अग्नी सुधारावा हा आपला हेतू असतो. दोन्ही उपचार आपापल्या जागी असावेत, एकाने दुसऱ्याचे वेष्टन घेऊ नये.

विकरशास्त्राकडून एक गोष्ट मात्र आपण अवश्य घ्यावी, ती म्हणजे हिशेब ठेवण्याची शिस्त. काढ्याला किती द्रव्य घातले, किती काढा उतरला, संधानानंतर मद्यार्क व सामू किती झाला, गाळ किती निघाला, याची बॅचवार नोंद आपल्या किती फार्मसीत प्रामाणिकपणे होते? उत्तम निर्मितीचे निकष 'शेड्यूल टी'च्या रूपाने २००० साली लागू झाले, परंतु पुष्कळ ठिकाणी ती वही तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री लिहिली जाते, हे आपण सर्व जाणतो.

आमच्या स्नेह्यांनी ती पिशवी परत केली. विक्री का घटली हे शोधताना, नोंदवहीत धायटीची फुले दोन वर्षांपासून स्वस्त पुरवठादाराकडून येऊ लागल्याचे दिसले. गोणी उघडली तर निम्मा माल जुना व काडीकचऱ्याचा निघाला. फुले बदलून पुढील बॅच लावली आहे. तिच्या नोंदीवर, प्रत्येक टप्प्याचा आकडा स्वतः पाहून, आम्ही सही केली आहे. चूर्ण विभागातील त्या मुलाला मुखपट्टी मिळाली असून आता त्याला शिंकांचा त्रास नाही.

वैद्यबंधूंनी व फार्मसीचालकांनी आपापले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.